वस्तऱ्याने स्वतःची दाढी करायला शिकणे : सुरुवात कशी करावी?

विश्रामबाग

नमस्कार. मी सांगलीत राहतो. अनेक पात्यांच्या कार्ट्रिज रेझरने दाढी केली की माझ्या मानेवर पुळ्या उठतात आणि काही केस कातडीच्या आतच वळून वाढतात. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले की अशा रेझरचे पुढचे पाते केस ओढून धरते, मागचे तो कातडीच्या पातळीखाली कापते आणि मग तो टोकदार केस बाहेर येण्याऐवजी आत शिरतो. एकाच पात्याने, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने दाढी करा, असा त्यांचा सल्ला आहे. तेव्हापासून उघडा वस्तरा चालवायला शिकावे असे मनाने घेतले आहे.

पाते बदलता येते तो सलूनमधला वस्तरा घेऊन शिकावे, की चामोट्यावर (कातड्याच्या पट्टीवर) फिरवून धार राखावी लागते असा अखंड पोलादाचा वस्तरा आधीपासूनच घ्यावा, याबद्दल अनुभवी सदस्यांचे मत हवे आहे. सांगली-साताऱ्याकडे वस्तऱ्याला धार कशी लावून घ्यावी, हेही कोणी सांगावे. शिवाय आमच्या इमारतीत बोअरचे पाणी आहे आणि त्यात साबणाचा फेस धड उठत नाही. त्यावर काही उपाय असेल तर तोही हवा आहे. मला घाई नाही, पण शिकायचे ते नीट शिकायचे आहे.

पोवई नाका

धागा काढल्याबद्दल आभार. माझे मत स्पष्ट आहे : शिकायचे असेल तर अखंड पोलादाच्या वस्तऱ्यावरच शिकावे. सलूनमधल्या वस्तऱ्यात अर्धे ब्लेड बसवलेले असते. ते पातळ असते, त्याचे कोपरे टोकदार असतात आणि हात जरा चुकला की कोपरा थेट कातडीत रुततो. अखंड वस्तऱ्याला स्वतःचे वजन असते, त्यामुळे दाब द्यावा लागत नाही; पात्याच्या दोन्ही अंगांना खोलगट घासलेले असल्याने धार बारीक असूनही पाठ भक्कम राहते.

नवशिक्याने पाठीपासून धारेपर्यंत पाच अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर रुंदीचे पाते घ्यावे आणि त्याचे टोक गोल असावे. रुंद पाते फेस जास्त पेलते, पण नाकाखाली अडते. जर्मनीतील झोलिंगेन येथील पाती उत्तम समजली जातात. त्या गावाचे नाव मालावर घालण्यावर १९३८ पासून कायद्याचे बंधन आहे. तरीही जुन्या बाजारात खोटे शिक्के दिसतात, म्हणून ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावे.

धोकटी

मी सांगलीतच, गावभागात सलून चालवतो. आमचा हा पिढीजात व्यवसाय आहे. वडिलांच्या काळी अखंड वस्तराच चालत असे, आणि धोकटीत, म्हणजे हत्यारांच्या पिशवीत, निसणा (धार लावायचा दगड) व चामोटा कायम असत. त्या हत्याराबद्दल माझ्या मनात अतिशय आदर आहे. तरीही पोवई नाका यांच्या मताशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण सविस्तर मांडतो.

नव्या माणसाची दाढी खरखरीत झाली, केस ओढले गेले किंवा कातडी लाल झाली, तर त्याची दोन कारणे असू शकतात : एक तर पात्याला धार नाही, किंवा हात चुकतो आहे. जुन्या माणसाला पहिल्या ओढीतच कळते की दोष कोणाचा आहे. नव्या माणसाला ते कळण्याचा मार्गच नसतो. धार गेली असे समजून तो चामोट्यावर पाते घासत बसतो, चामोट्यावरचा हातही कच्चा असल्याने असलेली धारही घालवतो, आणि दुसऱ्या दिवशी अधिक जोर लावतो. पाते बदलण्याच्या वस्तऱ्यात हा संशयच उरत नाही. ब्लेड नवे आहे, म्हणजे धार आहे. तरीही ओढते आहे, म्हणजे कोन किंवा दाब चुकतो आहे. एका वेळी एकच गोष्ट शिकायला मिळते, हा त्याचा खरा फायदा आहे.

आमच्याकडे नवीन पोरगा कामाला आला की आधी फुगवलेल्या फुग्यावर फेस लावून तो फेस वस्तऱ्याने काढायला सांगतात. फुगा फुटला नाही आणि त्यावर फेसही राहिला नाही, की मग त्याला पुढचे शिकवायचे. घरी शिकणाऱ्यानेही हे अवश्य करावे. मनगट सैल ठेवणे म्हणजे काय, ते फुगा जितके लवकर शिकवतो तितके कोणीही शिकवत नाही.

कोपरे टोकदार असतात हे मात्र खरे आहे. त्यासाठी ब्लेड बसवल्यावर त्याचे टोक खोबणीबाहेर डोकावत नाही ना, हे उजेडात धरून पाहावे. ब्लेड अर्धे करताना ते कागदाच्या वेष्टणातच दुमडून मोडावे, उघडे हातात धरू नये.

हळद पेठ

फुग्याची युक्ती फारच आवडली. घरातल्या मुलांना फुगे फुगवायचे काम मिळेल आणि शेव्हिंग क्रीम कोठे संपले, हे विचारायला सौभाग्यवतीही येतील!

मिरज जंक्शन

मी मिरजेत वैद्यकीय व्यवसाय करतो, म्हणून थोडे आरोग्याच्या बाजूने लिहितो. वस्तरा कोणत्याही प्रकारचा असो, तो घरात एकाच माणसाचा असावा. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही हे तिन्ही विषाणू रक्तातून पसरतात, आणि त्यांपैकी कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरू शकतो. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंश पात्यावर असू शकतो. सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावण्याचा आग्रह यासाठीच धरायचा असतो. जुन्या बाजारातून वापरलेला वस्तरा घेतलात, तर आधी गंज व साबणाचा थर काढून मगच त्याचे निर्जंतुकीकरण करावे. ब्लीचिंगचे द्रावण मात्र वापरू नये, कारण ते पोलादाला खाते.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी, मधुमेह आटोक्यात नसलेल्यांनी आणि हाताला कंप असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा नाद करू नये. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे उलटली असतील, तर ती घेऊन ठेवावी. बारीक ओरखड्याला तुरटी पुरते. जखम खोल असेल तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावे, आणि दर मिनिटाला उचलून पाहू नये. तरीही रक्त थांबले नाही, तर दवाखाना गाठावा.

धागाकर्त्यांची पुळ्यांची तक्रार एका पात्याने बरीच कमी होऊ शकते. मात्र उलट्या दिशेने ओढण्याचा मोह त्यांनी टाळला पाहिजे. गुळगुळीत दाढीच्या हव्यासापायी उलटा हात फिरवला, तर पाते एक असले तरी केस खोलवरच कापला जातो आणि तक्रार जशीच्या तशी राहते.

पोवई नाका

धोकटी यांचा "धार की हात" हा मुद्दा मला मान्य आहे, आणि इतक्या नेमकेपणाने तो पूर्वी कोणी मांडलेला वाचला नव्हता. तरी एक गोष्ट सांगतो. अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यावर पक्का झालेला हात अखंड वस्तऱ्यावर आला की थोडा अडखळतो, कारण वजन, जाडी आणि कोनाची जाणीव या तिन्ही गोष्टी बदलतात. म्हणून ज्याला शेवटी अखंड वस्तराच हवा आहे, त्याने जाणकाराकडून धार लावून तपासलेला वस्तरा घ्यावा, म्हणजे धारेबद्दलचा संशय तिथेही राहणार नाही. आणि चामोटा दाढीच्या आधी दोन आठवडे शिकावा, तोही स्वयंपाकघरातल्या बोथट सुरीच्या पाठीने. मनगट वळवायची सवय झाली की मग खरे पाते हातात घ्यावे.

धोकटी

तपासलेला वस्तरा मिळत असेल तर माझा विरोध नाही. अडचण अशी आहे की "दाढीसाठी तयार" असे लिहून विकलेले पुष्कळ वस्तरे कारखान्यातून निघाले तसेच असतात, आणि त्यांना निसण्यावर घेतल्याशिवाय ते केस कापत नाहीत.

रसायनशाळा

मी साताऱ्यात महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पाण्याबद्दलच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहिते. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. साबणातली मेदाम्ले या क्षारांशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. तो पाण्यावर पांढुरका तरंगतो, आणि फेसासाठी साबण उरतच नाही. पाणी उकळून पाहावे असे पुष्कळ जण सांगतात, पण उकळण्याने फक्त बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा जातो. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला जडपणा तसाच राहतो.

घरात पिण्यासाठी आरओ पद्धतीचे, म्हणजे क्षार काढणारे शुद्धीकरण यंत्र असेल, तर दाढीपुरते मगभर पाणी त्यातले घ्यावे, ब्रश त्यातच भिजवावा आणि फेसही त्यातच करावा. तोंड धुवायला बोअरचे पाणी चालेल. पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी धरता आले, तर त्यासारखे मऊ पाणी नाही. पहिल्या सरींचे मात्र धरू नये, कारण त्यात छपराची धूळ असते. आणखी एक गोष्ट : बोअरचे पाणी पात्यावर वाळू दिले, तर क्षारांचे डाग धरतात, म्हणून पाते शेवटी याच मऊ पाण्याने धुऊन पुसावे.

विश्रामबाग

रसायनशाळा ताई, मनापासून आभार. आज सकाळीच यंत्राचे पाणी घेऊन फेस केला. साबण आणि ब्रश तेच होते, पण फेस इतका दाट आला की ब्रश उलटा धरला तरी ओघळला नाही. चामोटा कोठे मिळेल, याबद्दल कोणी सांगू शकेल का?

संगम माहुली

चामोट्यासाठी परदेशी माल मागवायची काहीच गरज नाही. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून वनस्पतीजन्य पद्धतीने कमावतात, आणि चामोट्याला असेच कातडे लागते. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांचा त्यात समावेश झाला. म्हणजे हे कारागीर आपल्याच जिल्ह्यांत आहेत. त्यांच्याकडून सहा-सात सेंटिमीटर रुंद आणि हातभर लांब अशी, ओरखडा नसलेली, सर्वत्र सारख्या जाडीची पट्टी मागून घ्यावी. तळव्याचे जाड कातडे घेऊ नये, ते वळत नाही. तेलाचा हात आधी लावलेला नको, हेही आवर्जून सांगावे. वरच्या टोकाला कडी बसवून ती खुंटीला अडकवावी. शेजारी तेवढ्याच मापाची जाड सुती कापडाची पट्टी असावी.

पाते आधी कापडावर वीस-तीस फेरे आणि मग कातड्यावर चाळीस-पन्नास फेरे फिरवायचे. पट्टी ताणून धरायची, पाते पूर्ण आडवे ठेवायचे, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी कातड्याला टेकलेल्या असतील, आणि ओढताना पाठ पुढे, धार मागे ठेवायची. टोकाला पोचल्यावर पाते उचलायचे नाही; ते पाठीवर लोळवून उलटे करायचे आणि परत यायचे. धारेवरून उलटवले, तर एका क्षणात चामोटा कापला जातो आणि धारही जाते. निसण्यावर याच्या नेमके उलट असते, तिथे धार पुढे चालते. चामोट्याचे काम पोलाद काढण्याचे नाही, धारेची वाकलेली बारीक कड सरळ करण्याचे आहे, म्हणून वेग आणि जोर दोन्ही नकोत. वेग पुढे आपोआप येतो.

आयर्विन पूल

माझ्याकडे आजोळचा एक जुना वस्तरा आहे. सायकलवर चाक लावून कात्र्या-सुऱ्यांना धार लावणारे आमच्या गल्लीत येतात. त्यांच्याकडे तो द्यावा का?

धोकटी

कृपा करून देऊ नका. ती माणसे आपल्या कामात वाकबगार असतात, पण ते चाक कात्री-सुरीसाठी आहे. फिरत्या चाकावर वस्तऱ्याची पातळ कड क्षणात तापते, आणि दीडदोनशे अंशांपर्यंत तापली की पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतो. मग कितीही घासा, धार टिकत नाही. दुसरे असे की वस्तऱ्याची पाठ हीच त्याची मोजपट्टी असते. निसण्यावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून घासले, की कोन आपोआप बरोबर येतो. चाकावर फक्त धार घासली जाते आणि हे गणितच मोडते.

घरी करायचे असेल तर पाण्याचे दगड मिळतात, त्यांच्यावर आकडे असतात; आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक. १००० च्या दगडावर कड बसवायची, मग ४००० किंवा ५०००, मग ८००० आणि शेवटी १२००० वर ती चकचकीत करायची. १००० वरचे काम पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. कड टोकापासून टाचेपर्यंत बसली नसेल, तर वरचे दगड नुसते चमक देतात. एकदा नीट लागलेली धार, रोज चामोटा केला तर, कित्येक महिने चालते. म्हणून शिकाऊ माणसाने लगेच दगडांवर पैसे घालू नयेत.

आणि गंजाकडे आधी पाहा. २०१९ च्या पुरात आमचे दुकान पाण्यात होते आणि वडिलांची धोकटी गाळातून काढली. ज्या पात्यांच्या अंगावर डाग पडले होते ती घासून पुन्हा कामाला आली. ज्यांच्या कडेला गंजाने खड्डे पाडले होते, त्यांची धार लावताना तेवढा भाग तुटतच राहिला. तुमच्या वस्तऱ्याची कड भिंगाखाली धरून पाहा, म्हणजे उत्तर मिळेल.

प्रीतिसंगम

मी कराडला अभियांत्रिकीला शिकतो. या सगळ्याला किती वेळ लागतो? सकाळी आठला मला तास असतो.

संगम माहुली

सुरुवातीला अर्धा तास धरून चाला, आणि तासाच्या दिवशी करूच नका. रविवारी सुरू करा.

गोडोली

विषयाला धरूनच थोडा इतिहास सांगतो. अठराव्या शतकात जाँ-जाक पेरे या फ्रेंच कारागिराने वस्तऱ्याला लाकडी रक्षक बसवला, तो नेमका स्वतःची दाढी स्वतः करू पाहणाऱ्यांसाठी. पुढे किंग कॅम्प जिलेट यांनी १९०१ मध्ये कंपनी काढली आणि १९०४ मध्ये त्यांना बदलत्या पात्याच्या रेझरचे पेटंट मिळाले. दोघांपुढचा प्रश्न एकाच माणसाचा होता, पण पेरे यांनी हाताची भीती घालवली आणि जिलेट यांनी धार लावण्याचे काम घालवले. धोकटी यांचे "धार की हात" वाचताना हे दोघे आठवले.

पोवई नाका

अगदी समर्पक आठवण काढलीत. म्हणजे हा वाद आपल्या आधीपासूनचा आहे.

विश्रामबाग

सर्वांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. फुग्यावर सराव चालू आहे. आता प्रत्यक्ष चेहऱ्यावर यायचे, तर वस्तरा धरायचा कसा आणि कोठून सुरुवात करायची, हे कोणी बारकाईने सांगेल का? हनुवटीची धास्ती वाटते.

धोकटी

धास्ती वाटते हे चांगले लक्षण आहे. वस्तऱ्याची मूठ वर उलटवा. पात्याच्या मागच्या दांड्यावर तीन बोटे वरून ठेवा, करंगळी शेपटीवर टेकवा आणि अंगठा खालून आधाराला द्या. आंघोळीनंतर दाढी करा, किंवा गरम पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटे गालावर धरा, कारण पाणी प्यायलेला केस पुष्कळ मऊ होतो. फेस लावल्यावर मोकळ्या हाताची बोटे कोरडी करून त्यांवर तुरटीचा खडा फिरवा. बोटे घसरत नाहीत, आणि वस्तऱ्याचे निम्मे काम ताणलेल्या कातडीवर अवलंबून असते.

कानाजवळच्या कल्ल्याखाली पाते गालावर आडवे टेकवा, पाठ साधारण तीस अंश उचला आणि इंचभर खाली या. तिथे थांबा. पाते नेहमी धारेच्या समोर सरकले पाहिजे. धारेच्या लांबीच्या दिशेने ते तसूभरही सरकले, तर चिरते. कोन बरोबर असेल तर केस कापल्याचा कुरकुर असा बारीक, कोरडा आवाज येतो, आणि स्नानघराच्या भिंतींमुळे तो चांगला ऐकू येतो. आवाज न येता ओढ जाणवली, तर पाठ जास्त उचलली गेली आहे.

पहिले काही दिवस फक्त दोन्ही गाल करा आणि उरलेली दाढी एका पात्याच्या साध्या रेझरने पुरी करा. गाल निर्धास्त झाले की जबड्याखालचा भाग, मग मान, मग ओठाच्या वर, आणि हनुवटी सर्वांत शेवटी. हनुवटीवर कातडी गोल हाडावर बसलेली असते, त्यामुळे पात्याचा थोडासाच भाग टेकतो. खालचा ओठ आत ओढून कातडी सपाट करायची आणि अर्ध्या इंचाहून मोठी ओढ घ्यायची नाही. डाव्या गालासाठी हात बदलायचा की उजवाच हात तोंडासमोरून न्यायचा, हे ज्याच्या त्याच्या सोयीवर आहे. मी स्वतः दोन्ही हात शिकलो, आणि त्यामुळे आरशात आपलाच हात आड येत नाही.

मिरज जंक्शन

उत्तम वर्णन. धागाकर्त्यांसाठी एवढीच पुरवणी : मानेवर केस बहुधा सरळ खाली वाढत नाहीत, काहींचे आडवे तर काहींचे वरच्या दिशेनेही वाढतात. पुळ्या तिथेच येतात, त्याचे हेही एक कारण आहे. मानेच्या प्रत्येक भागाची दिशा वेगळी पाहून घ्या.

हळद पेठ

दाढी झाल्यावर पात्याला खोबरेल लावावे का? पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्यालाच गंज चढतो.

संगम माहुली

खोबरेल थंडीत थिजते आणि काही दिवसांनी चिकट होते. शिलाई मशीनचे पातळ तेल एक थेंब पुरते. पण त्याआधी पाते धुऊन कोरडे करणे आणि ते स्नानघरात न ठेवणे, या दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. पात्याच्या बुडाशी, मुठीच्या खिळ्याजवळ पाणी राहते, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

विश्रामबाग

माझे ठरले. पाते बदलण्याचा वस्तरा घेऊन गालांपासून सुरुवात करतो. हात बसला आणि मान शांत राहिली, तर पोवई नाका यांनी सांगितलेल्या मापाचा अखंड वस्तरा घेईन, तोही धार तपासून. धोकटी काका, आपली हरकत नसेल तर गावभागात येऊन एकदा प्रत्यक्ष पाहायची इच्छा आहे.

पोवई नाका

निर्णय योग्य आहे. अखंड वस्तरा घ्याल तेव्हा जरूर कळवा. घेण्याआधी त्याची छायाचित्रे इथे टाका, म्हणजे पाठ झिजलेली आहे का, हे आम्हालाही पाहता येईल.

धोकटी

हरकत कसली, अवश्य या. सोमवारी दुकान बंद असते, म्हणून मंगळवारी दुपारी दोननंतर या, त्या वेळी गर्दी नसते. येताना दोन दिवस दाढी करू नका. मानेवरचे केस कोणीकडे झुकतात, ते आपण दोघे मिळून पाहू आणि तुम्ही ते कागदावर काढून न्या.